मेडिकल फिट, यादी बाकी: मधल्या महिन्यांचे काय करायचे?

पत्राचा सारांश: अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून वीस वर्षांच्या तरुणाचे पत्र आले आहे. सैन्यातील अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा, मैदान (धाव व शारीरिक चाचणी) आणि वैद्यकीय तपासणी हे तिन्ही टप्पे पार करून तो आता अंतिम गुणवत्ता यादीची आणि त्यानंतर येणाऱ्या प्रशिक्षण केंद्राच्या बोलावण्याची वाट पाहतो आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असला तरी ‘आता त्याचा काय उपयोग’ म्हणून त्याने महाविद्यालयात जाणे सोडले आहे. पोलीस भरतीचा अर्जही त्याने मुद्दाम भरला नाही. तो भरला तर आपलाच आपल्यावर विश्वास नाही असे होईल आणि आईने कानुबाई देवीला बोललेल्या नवसालाही ते बरे दिसणार नाही, असे तो लिहितो. वडिलांची पाच एकर कोरडवाहू कापसाची शेती आहे आणि ॲकॅडमीची फी व तिथला राहण्या-खाण्याचा खर्च त्यांनी उसनवारीने भागवला आहे. पारावर रोज ‘कधी निघतोस?’ असे विचारतात म्हणून त्याने संध्याकाळी बाहेर पडणे थांबवले आहे. ॲकॅडमीतला जोडीदार वैद्यकीय तपासणीत बाद झाल्यापासून त्याच्याशी बोलणेही बंद आहे. मामांनी एक स्थळ सुचवले आहे. शिवाय ‘दोन लाख दिले तर यादीत नाव लावून देतो’ असे सांगणारा एक माणूस तालुक्याच्या गावी भेटला आहे. तरुणाचा प्रश्न असा: मी नुसती वाट पाहावी की दुसरे काही करावे, आणि दुसरे काही केले तर हे हातचे जाईल का?

भाऊ,

तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीला वेळ नाही ती आधी घेतो, म्हणजे ते दोन लाख. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका आणि वडिलांनाही देऊ देऊ नका. जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या शिपाई पदाची, गुणवत्ता यादी लेखी परीक्षेच्या आणि मैदानाच्या गुणांवर लागते, आणि हे दोन्ही गुण तुमच्या नावापुढे आधीच नोंदले गेले आहेत. पहिल्या गटात, म्हणजे सर्वांत कमी वेळेच्या टप्प्यात, धाव पूर्ण करणाऱ्याला ६० आणि दहा बीम (पुल-अप) मारणाऱ्याला ४० गुण मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. त्यात वर-खाली करणे या माणसाच्या हातात नाही. तरीही अशा माणसांचा धंदा चालतो, कारण तो वीस मुलांकडून पैसे घेतो, त्यांतली सहा-सात आपल्या गुणांवरच यादीत येतात, त्यांचे श्रेय तो स्वतःकडे घेतो आणि उरलेल्यांना ‘पुढच्या भरतीत नक्की’ म्हणून झुलवत ठेवतो. यादीत आलेली मुले मग गावोगाव त्याचे नाव सांगत फिरतात आणि त्याला जाहिरातीची गरज उरत नाही. पैसे देऊन जागा मिळवण्याचा प्रयत्न उघड झाला तर गुणांवर मिळू शकणारी जागाही जाईल, हा धोका वेगळाच. त्याने फोनवर काही मेसेज पाठवले असतील तर ते पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि सैन्य भरती कार्यालयात कळवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘हे हातचे जाईल का’ असे तुम्ही विचारता, आणि त्यामागे निवड झाल्यातच जमा आहे ही समजूत दिसते. मेडिकल फिट होणे ही मोठी गोष्ट आहे, परंतु ती निवड नव्हे. जागा किती आणि त्या जागांपर्यंत तुमचे गुण पोहोचतात का, यावर यादी ठरते; सर्व टप्पे पार केले म्हणजे भरती निश्चित, असे सैन्याच्या जाहिरातीतही कुठेच म्हटलेले नसते, उलट तसे होत नाही हे स्पष्ट लिहिलेले असते. तुमच्या तालुक्यातील जरा मोठ्या मुलांना विचारलेत तर २०२० ते २०२२ या काळात काय झाले ते कळेल. कोविडमुळे भरती थांबली, मैदान आणि मेडिकल पार केलेली असंख्य मुले लेखी परीक्षेच्या तारखेकडे डोळे लावून बसली, आणि १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाल्यावर त्या जुन्या प्रक्रिया पूर्ण न करता सर्वांना नव्याने अर्ज करण्यास सांगण्यात आले. वयोमर्यादेत त्या वर्षापुरती २३ वर्षांपर्यंत सवलत मिळाली, तीच काय ती भरपाई. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी योजना वैध ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भरतीच्या काही टप्प्यांतून पार पडल्यामुळे नेमणुकीचा हक्क तयार होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तुमच्या बाबतीत तसे होईल असे मी म्हणत नाही, आणि तुमची यादी वेळेवर लागावी असेच मला वाटते. मात्र त्या दोन वर्षांत ज्यांनी महाविद्यालय चालू ठेवले किंवा दुसरे अर्ज भरले, त्यांच्याकडे जून २०२२ नंतर पुढे जाण्यासाठी काहीतरी होते. ज्यांनी सर्व सोडून दिले होते, त्यांना वयाचाही फटका बसला आणि शिक्षणाचाही.

पण समजा यादीत तुमचे नाव आले. माझ्या मते तुमच्या पत्रातील खरी चूक इथे आहे, आणि तुमच्यासारखी पत्रे लिहिणारे बहुतेक तरुण ती करतात. तुम्ही या नोकरीचा विचार तुमच्या आजोबांच्या पिढीतील फौजीसारखा करता आहात: एकदा लागली की पंधरा-सतरा वर्षे सेवा, मग पेन्शन, मग गावात घर. अग्निवीराची सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. बाकीचे घरी परततात. त्यांना पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये वेतन, त्यातील ३० टक्के निधीत जमा होऊन हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी वेतन ४०,००० आणि हातात २८,०००. निधीत तुमच्या वाट्याइतकीच रक्कम सरकार घालते आणि चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात. ही रक्कम लहान नाही, परंतु आयुष्यभर पुरणारीही नाही. म्हणजे आज वीस वर्षांचे असलेले तुम्ही, सर्व काही मनासारखे झाले तरी, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुन्हा नोकरीच्या दारात उभे असण्याची शक्यता चारांत तीन आहे. त्या वेळी हातात पदवी असणे आणि ‘बी.ए. तिसऱ्या वर्षी सोडले’ असणे यांत केवढा फरक पडेल, याचा हिशेब तुम्ही आजच केला पाहिजे.

म्हणून पदवी ही भरती हुकली तर उपयोगी पडणारी गोष्ट आहे, असे समजू नका. भरती झाली तर तिची अधिकच गरज आहे. माजी अग्निवीरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा राखीव ठेवण्याचे गृह मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर केले, तो एक रस्ता आहे. परंतु बँक, महसूल किंवा राज्यसेवा यांपैकी काहीही मनात असेल तर पदवी लागतेच. तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात आणि दोनच सत्रे उरली आहेत. एका सत्राची परीक्षा देऊन बोलावणे आले तर तेवढे तरी पदरात राहील आणि उरलेले नंतर पूर्ण करता येईल. नियमित महाविद्यालय शक्य नसेल त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठानेही अग्निवीरांसाठी एक पदवी आखली आहे आणि तिच्यात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. हे सदर वाचणाऱ्या आणि दहावीवर भरती होऊ पाहणाऱ्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे की सेवेत असताना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करण्याची सोय जाहीर झालेली आहे. तरीही माझा आग्रह असा की जे घरी बसून पूर्ण होण्यासारखे आहे ते प्रशिक्षणाच्या आशेवर पुढे ढकलू नये. पहाटेपासून रात्रीपर्यंत मैदानावर राबलेल्या शरीराने पुस्तक उघडणे सोपे नसते.

पोलीस भरतीचा अर्ज भरणे म्हणजे अविश्वास, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. सैन्याचे १.६ किलोमीटर आणि पोलीस भरतीचे १६०० मीटर हे एकच अंतर आहे. तुम्ही ज्या शेतरस्त्यावर धावून एकासाठी तयार झालात त्याच रस्त्यावर दुसऱ्याची तयारी झालेली आहे. भर घालावी लागेल ती १०० मीटर धावण्याची, गोळाफेकीची आणि १०० गुणांच्या लेखी परीक्षेची. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत २४ मिनिटांत ५ किलोमीटर धावायचे असते आणि तिची परीक्षा २०२४ पासून मराठीतूनही देता येते. अनेक ठिकाणी अर्ज केल्याने सैन्याच्या यादीतील तुमचे स्थान एका गुणानेही खाली येत नाही. नवसाबद्दल मी फार बोलणार नाही. परंतु कानुबाईचे रोट मांडून मुलाच्या कल्याणासाठी हात जोडणाऱ्या आईला त्याने दुसराही अर्ज भरल्याचा राग येईल, असे मला वाटत नाही. एकदा तिलाच विचारा.

घरातील पैशांचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकला आहे, तो मला अधिक गंभीर वाटतो. वडिलांनी उसने घेतलेल्या पैशांत विकास सोसायटीचे किती, नातेवाइकांचे किती आणि व्याजाने घेतलेले किती, हे वडिलांसोबत बसून कागदावर लिहा. बहुतेक घरांत मुलाला हा आकडा सांगितला जात नाही आणि मुलगाही विचारत नाही. व्याजाचे पैसे आधी फिटले पाहिजेत, आणि त्यासाठी हे महिने वापरता येतात. सध्या कापूस वेचणीचा हंगाम आहे, वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर किलोमागे दर वाढवून मागतात. घरचा एक माणूस वावरात उभा राहिला तर तेवढी मजुरी वाचते. बाहेर काम करायचे असेल तर जिनिंगमध्ये किंवा एखाद्या कृषी सेवा केंद्रात हंगामापुरते काम पाहा, मालकाला आपले बोलावणे कधीही येऊ शकते हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी चालणाऱ्या सालदारकीसारखा वर्षभर बांधून ठेवणारा करार किंवा अनामत रक्कम मागणारी नोकरी घेऊ नका. त्याच बैठकीत वडिलांना हेही सांगा की पहिल्या वर्षी हातात २१,००० येतील, त्यातून घरी किती पाठवता येईल आणि शेवटी पेन्शन नाही. गावातील पुष्कळ वडील अजून पेन्शन धरूनच हिशेब करतात, आणि त्या हिशेबावर नवे कर्जही काढतात.

शरीराबद्दल तुम्हाला वेगळे शिकवण्याची गरज नाही, मात्र दोन धोके सांगतो. पहिला, मेडिकल झाले म्हणून सराव सोडून देणे. प्रशिक्षण केंद्रावर पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते, आणि तिथला पहिला महिना ज्याचा दम आधीच तुटला आहे त्याला फार जड जातो. दुसरा धोका याच्या उलट, म्हणजे अस्वस्थतेपोटी रोज दुप्पट धावणे. त्याने नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि तो भरून येण्यास आठवडे लागतात. आठवड्यातून चार-पाच दिवस धावा, त्यातला एक दिवस लांब अंतराचा ठेवा, डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या वाटेवर धावा, आणि बीम सोडू नका. दातांची कीड, कानातला मळ, वाढलेले वजन अशा किरकोळ गोष्टी आताच डॉक्टरांकडून पाहून घ्या. वावरातील कामे करा, परंतु मळणी यंत्राजवळ आणि रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी भरताना सांभाळून राहा. बोट तुटणे किंवा सर्पदंश यांतून सावरायला लागणारा काळ तुमच्यापाशी नाही. सर्वांत मोठी भीती मला मोटारसायकलची वाटते. बोलावणे येण्याआधी पाय मोडून घेतलेल्या मुलांच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात, आणि त्यांत ट्रिपल सीट व लग्नाच्या वरातीवरून परत येण्याचा प्रसंग हमखास असतो. मिरवणुकीतील भांडण, मोबाईलवरचा एखादा भडक मजकूर, कोणाच्या तरी वादात साक्षीला उभे राहणे, यांतून गुन्हा नोंदला गेला तर पोलीस पडताळणीत अडचण येते. तो गुन्हा मागे घेता घेता भरतीची तारीख निघून जाते.

कागदपत्रांच्या बाबतीत खानदेशात एक नेहमीची अडचण आहे: वडिलांचे नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे. कुठे ‘भाऊ’ जोडलेले, कुठे आईच्या नावापुढे ‘बाई’ असलेले आणि नसलेले. आधार दुरुस्ती आणि राजपत्रातील नावबदल यांना वेळ लागतो, म्हणून हे काम आजच्या आज सुरू करा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांचा चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतील लागतो. तुम्ही मैदानाच्या वेळी काढलेला दाखला बोलावण्याच्या दिवसापर्यंत जुना झालेला असू शकतो. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, पॅन कार्ड आणि स्वतःच्या एकट्याच्या नावाचे बँक खाते हे सर्व एका फाइलमध्ये ठेवा, छायाप्रती घरी ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते आईला किंवा बहिणीला माहीत असू द्या. मोबाईल क्रमांक आणि ई-मेल भरतीच्या अर्जात दिले तेच चालू ठेवा. यादी आणि सूचना सैन्य भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. बोलावण्याचे पत्र आले तर त्याचा फोटो स्टेटसला लावू नका, कारण त्यावर तुमचा क्रमांक, पत्ता आणि केंद्राचे नाव असते आणि ‘केंद्र बदलून देतो’ म्हणणारे फोन नेमके त्यानंतर सुरू होतात.

एक छोटी गोष्ट आणखी: हिंदी बोलण्याचा सराव करा. घरात अहिराणी, महाविद्यालयात मराठी, आणि मैदानावर मात्र सर्व हुकूम हिंदीत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेलात तर आजूबाजूला मराठी ऐकू येईल, परंतु जबलपूर, सिकंदराबाद किंवा लखनौला पाठवले गेलात तर येणार नाही. उत्तर चुकीचे म्हणून नव्हे तर बोलायला संकोच म्हणून गप्प राहणारी आपली मुले मागे पडतात.

पारावर लोक विचारतात याचे दुःख मला समजते, पण त्या प्रश्नात तुम्हाला वाटतो तेवढा खवचटपणा नसावा. गावाला बोलण्यासाठी एक विषय लागतो आणि सध्या तो विषय तुम्ही आहात. कापसाचा भाव घसरला की ते तुम्हाला विसरतील. ‘यादी लागली की सांगतो’ एवढे उत्तर पुरे आहे, आणि ते देऊन तिथेच बसून राहणे हे घरात कोंडून घेण्यापेक्षा बरे. महाविद्यालयाबद्दल विचारले तर सत्रपरीक्षा देतो आहे असे सांगता येईल, आणि ते खरेही असेल.

जोडीदाराशी बोलणे मात्र ताबडतोब सुरू करा. तो बाद झाला यात तुमचा दोष नाही आणि तुम्ही फिट ठरलात यात त्याचा अपमान नाही. तुम्ही त्याच्या भल्यासाठी त्याला टाळत आहात असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते तुम्ही स्वतःला अवघडलेपणातून वाचवण्यासाठी टाळत आहात. त्याला कोणत्या कारणाने बाद केले हे विचारा. काही दोष तात्पुरते असतात आणि लष्करी रुग्णालयात फेरतपासणीसाठी मुदत दिलेली असते; ती मुदत तो निराशेत घालवत असेल तर त्याला उठवणारे तुम्हीच असाल. दोष कायमचा असेल तरी प्रत्येक भरतीचे वैद्यकीय निकष सारखे नसतात. पहाटे दोघांनी एकत्र धावायला कोणाचीच हरकत नसावी.

स्थळाबद्दल थोडक्यात: अग्निवीर म्हणून भरती होताना तुम्ही अविवाहित असले पाहिजे आणि चार वर्षांच्या सेवाकाळात लग्न न करण्याची अट मान्य करावी लागते. मामांना हे स्पष्ट सांगा. मुलीकडच्यांना चार वर्षे थांबवून ठेवणे, तेही यादी लागलेली नसताना, त्या मुलीवर अन्याय आहे. साखरपुड्याची बोलणी आता नकोत.

यादीत नाव नाही आले तर पहिले आठ-दहा दिवस कोणताही मोठा निर्णय घेऊ नका, विशेषतः पुण्या-सुरतेला निघून जाण्याचा. पुढच्या जाहिरातीत तुमचे वय बसते का, ते जाहिरातीत दिलेल्या जन्मतारखांवरून पाहा. बसत असेल तर ऑनलाइन परीक्षेची तयारी पुन्हा सुरू करा, कारण मैदान तुम्ही मारू शकता हे सिद्ध झाले आहे आणि गुण बहुधा लेखी परीक्षेतच कमी पडलेले असतात. त्यासाठी पुन्हा ॲकॅडमीत पैसे भरण्याची गरज नाही. गणित आणि सामान्य विज्ञान घरी करता येते.

आणि यादीत नाव आले तर निघण्याआधी आईशी एकदा नीट बोला. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मोबाईल बहुधा जवळ ठेवू देत नाहीत, फोन कधीतरी आणि थोडाच वेळ होतो, आणि वर्षाला ३० दिवसांची रजा असली तरी ती मनाला येईल तेव्हा मिळत नाही, हे तिला आधीच ठाऊक असले पाहिजे. केंद्राचा पत्ता आणि तिथल्या कार्यालयाचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्याजवळ द्या, आणि फोन आला नाही म्हणजे काही विपरीत घडले असे समजायचे नाही, हेही तिला सांगून ठेवा.